ईएसआर आणि सीआरपीचे रिपोर्ट कसे वाचावेत

आमवात, ल्युपस, शोग्रेन अशा स्वयंप्रतिकार आजारांत (ज्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते) डॉक्टर ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या वरचेवर करायला सांगतात. दोन्हींसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. मात्र यातला एकच आकडा पाहून आजार वाढला किंवा ओसरला असे ठरवू नये.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, याचे माप. दाहात हा वेग वाढतो, पण रक्तक्षय, गरोदरपण आणि वाढते वय यांमुळेही तो वाढतो. स्त्रियांसाठी वयात 10 मिळवून 2 ने भागावे आणि पुरुषांसाठी नुसते वय 2 ने भागावे. ही अंदाजे वरची मर्यादा. सोलापुरातल्या पन्नाशीच्या विडी कामगार बाईंचा ईएसआर 38 आणि हिमोग्लोबिन 8 आले, तर 30 च्या वरचा आकडा सांध्यांच्या नावावर टाकण्याआधी रक्तक्षयाकडे पाहावे.

नमुन्याची हाताळणीही महत्त्वाची असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातला पारा चाळिशी ओलांडतो. खोली तापलेली असली किंवा नळी जराशी कलली, तरी ईएसआर फुगतो, आणि नमुना बराच वेळ खोळंबला तर तो कमी दिसतो. म्हणून रक्त शक्यतो जिथे तपासले जाते तिथेच द्यावे.

सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन. ते यकृतात तयार होते, काही तासांत चढते आणि कारण दूर झाले की काही दिवसांत उतरते. ईएसआर उतरायला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात. एकक न चुकता पाहावे, कारण अक्कलकोटला एका लॅबमध्ये आणि सोलापूरला दुसरीकडे तपासणाऱ्यांची इथेच गफलत होते: प्रति डेसिलिटर 1.2 मिलिग्रॅम म्हणजेच प्रति लिटर 12 मिलिग्रॅम.

खरी मेख ल्युपसमध्ये आहे. आजार जोरात असूनही सीआरपी बहुधा फारसे वाढत नाही. तिथे सी3 आणि सी4 ही रक्तातली प्रतिकार-प्रथिने घटली का, स्वतःच्याच डीएनएवर उलटणारी डीएस-डीएनए विरोधी प्रतिपिंडे वाढली का आणि लघवीतून प्रथिने जातात का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. उलट अशा रुग्णाला ताप असून सीआरपी खूप वाढले असेल, तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. अर्थात फुप्फुस किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असल्यास, तसेच सांधे फार सुजले असल्यासही ते वाढते. शोग्रेनमध्ये इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंड-प्रथिने) वाढल्याने नुसता ईएसआर चढलेला दिसतो. टोसिलिझुमॅब या आमवातावरच्या औषधाचे इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी दबलेले राहते, त्यामुळे संसर्ग असतानाही रिपोर्ट निर्दोष दिसू शकतो.

रिपोर्ट दाखवताना चालू औषधे, स्टिरॉइडचा डोस आणि अलीकडे ताप-खोकला झाला असल्यास त्याची तारीख कागदावर लिहून न्यावी. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.