दाण्याचे लाडू, अडीच वर्षांच्या मदतनीसाबरोबर

ओट्यापाशी ‘मी कलते, मी कलते’ सुरू झालं की पाच मिनिटांत एखादा डबा उपडा होतोच. आमच्याकडे लागू पडलेला उपाय: ओटा सोडा, खाली बसा. डबे वरच राहू देत, फक्त वाट्या खाली आणा.

1. ओला पंचा घडी करून जमिनीवर, त्यावर परात. मग परात सरकत नाही.
2. 1 वाटी दाण्याचा बारीक कूट, पाऊण वाटी किसलेला मऊ गूळ, 1 चमचा पातळ तूप. सगळं आधीच मोजून वेगवेगळ्या वाट्यांत.
3. मुलानं वाट्या ओतायच्या नि कालवायचं. गुळाच्या गुठळ्या बोटांनी फोडणं हा सगळ्यात लाडका भाग. घाई करू नका, दहा मिनिटं सहज जातात.
4. मिश्रण मुठीत दाबून गोळा आपण करायचा, तळव्यांना तूप लावून वळायला त्याला द्यायचा.

लेकीचे लाडू पेढ्यासारखे चपटे होतात, होऊ देत. थोडा गूळ तोंडात जाणारच, तेवढा जास्त घ्या.

अख्खे दाणे मात्र आसपास नकोत, एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. कूटही चाळूनच घ्या.