को-कोला आधी उलटा करा

आमच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी जपानी झग्यातला एक बुवा उभा आहे. तो को-को. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'मिकाडो' या विनोदी संगीतिकेत हा साधा शिंपी; डोळे मारले म्हणून मृत्युदंड झालेला, आणि त्यालाच पुढे मुख्य जल्लाद नेमलेला! आपलं 'सौभद्र' १८८२चं, 'मिकाडो' १८८५चं, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरातलं.

रॉयल डोल्टन या इंग्लिश चिनी मातीच्या कारखान्यानं या मंडळींचे पुतळे काढले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी असा एखादा हाती लागला, तर चेहऱ्यावर भाळू नका. आधी उलटा करा. तळाला मुकुटावर उभा सिंह आणि 'एचएन' नंबर हवा. (एचएन म्हणजे हॅरी निक्सन, रंगकामाचे प्रमुख.) १२६६ असेल तर तो हॅराडीन या शिल्पकाराचा जुना को-को, १९२८ ते ३६चा. २८९८ असेल तर हार्परनं घडवलेला, १९८० ते ८५चा. जुन्यावर मुकुटाशेजारी बारीक आकडा दिसला की त्यात १९२७ मिळवा: ५ असेल तर १९३२. शिक्क्यावर आडवा ओरखडा असेल तर तो माल कारखान्यानंच दुय्यम ठरवलेला. पहिल्या प्रतीचे पैसे मोजू नका.

आता माझी फजिती. तीस वर्षं बँकेत कॅशियर होते, खोटी नोट अंधारातही ओळखीन अशी घमेंड. तरी एका दुकानातून यम-यम ('मिकाडो'ची नायिका) घेतली आणि घरी आल्यावर करंगळी जरा जाड वाटली. दिवा मालवला, नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला, तर करंगळी वेगळीच चमकायला लागली! तुटलेली, चिकटवून वर रंग फासलेला. दुकानदार म्हणतो, "ताई, पीसच तसा येतो." तेव्हापासून तो दिवा पर्समध्येच असतो. बोटं, टोप्यांच्या कडा, पंख्याची टोकं तिथंच बघा. नखानं हलकेच वाजवूनही बघायचं: टणटणीत वाजलं तर बरं, बद्द आवाज आला तर तडा शोधा.

धुताना बुडवू नका. पुतळा आतून पोकळ, आणि तळाला बहुधा छोटं भोक असतं. मी एकदा बुडवला, तर दोन दिवस टेबलक्लॉथवर पाणी ठिबकत होतं. मऊ ब्रश, कोमट पाणी, लगेच कोरडं फडकं. ब्रश हा नवाच घ्या, मेंदी लावायचा नको.

राहता राहिले ढोल. आमचं घर नारायण पेठेत, विसर्जनाच्या दिवशी काचा थरथरतात. त्यामुळे चतुर्दशीच्या सकाळी को-को आणि यम-यम आईच्या गोधडीत गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आडवे, ते थेट दुसऱ्या दिवशी रस्ता शांत झाल्यावरच उठतात.