जखम ‘सुकवण्या’च्या नादात होणाऱ्या चुका

“जखम सुकली का?” असं आपण विचारतो. बरं होणं म्हणजे सुकणं, हे आपल्या भाषेनंच ठरवून टाकलंय. त्यामुळे गुडघा फुटला की घरातलं कुणीतरी सांगणारच, “पट्टी काढ, वारा लागू दे, खपली धरली की झालं.” बहुतेक चुकांचं मूळ इथंच आहे.

खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि जखमेतून पाझरलेला पातळ द्राव. तिच्याखाली कडेच्या त्वचापेशी उघड्या भागावर सरकत सरकत येतात आणि दोन्ही काठ जोडतात. या सरकण्याला ओल लागते. वर कोरडं टणक झाकण असलं, की त्यांना खालच्या ओलसर थरातून वाट काढावी लागते आणि वेळ जातो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर हे दाखवलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगानं आली. याला ६० वर्षं उलटून गेली, तरी आपण अजून वारा घालतोच आहोत.

साध्या खरचटण्याला स्वच्छ धुऊन व्हॅसलिनचा पातळ थर आणि वर न चिकटणारी पट्टी पुरते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पट्टीखालची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली, फार वेळ कपडे धुतल्यावर बोटं होतात तशी, तर ओल जास्त झाली. पट्टी लवकर बदला. आणि चिकटलेली पट्टी कधीही ओढून काढू नका. उकळून गार केलेल्या पाण्यानं भिजवा, पाच मिनिटं थांबा. ओढलीत तर दोन दिवसांत आलेली नवी कातडी तिच्याबरोबर निघते. तळाशी लालचुटुक, दाणेदार, जरा धक्का लागला की रक्त येणारं मांस दिसलं तर घाबरून घासू नका. ते भरून येणारं मांस आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसलं की जखम साफ झाली असं वाटतं. तो फेस रक्तातल्या आणि पेशींमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. घाण नसली तरी येतो, आणि भरून काढणाऱ्या पेशींनाही ते द्रावण जाळतं. पिण्याजोग्या पाण्याची धार जास्त उपयोगाची. अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पावडर भुरभुरवणं तर बंदच करा. तिचा थर बसतो आणि आत काय चाललंय ते कळतच नाही.

हळदीबद्दल बोलताना पेटंटची गोष्ट हमखास निघते. जखमेवरच्या हळदीसाठी १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्यातून सिद्ध झालं ते हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे एवढंच. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, उघड्या जखमेत ती भरू नका.

भाजल्यावर टूथपेस्ट किंवा बर्फ नको. २० मिनिटं नळाची धार. कुत्रा चावल्यावर तिखट किंवा चुना नको. १५ मिनिटं साबण-पाणी आणि त्याच दिवशी दवाखाना. मुंबईत १९८० च्या दशकात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. ओल टिकते आणि साल चिकटत नाही, एवढ्यानंही पट्टी बदलतानाच्या वेदना खूप कमी होतात. अर्थात ती साल निर्जंतुक केलेली होती. स्वयंपाकघरातली कच्ची साल लावणं म्हणजे ते नव्हे.

मधुमेहाच्या पायाचं सगळंच वेगळं. माझ्या मावशीच्या तळव्याला चपलेतला खडा दिवसभर टोचला, तिला कळलंच नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसला. ड्रेसिंग नियमित होतं, महिना झाला तरी जखम तशीच, कारण दुखत नाही म्हणून ती रोज बाजारात चालत जायची. प्रत्येक पाऊल नव्या मांसाला चिरडत होतं. पायावरचा भार काढणारा साचा बसवला तेव्हा कुठे कडा आत सरकू लागल्या. अशी जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि मधुमेह नसला तरी लाली पसरते आहे, वास येतोय, ताप आहे किंवा दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, तर घरच्या घरी थांबू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांची हलकी सूज आणि लाली मात्र पांढऱ्या पेशींच्या साफसफाईची असते.

नव्या उपचारांबद्दल खूप विचारणा होते. पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचं जेल अमेरिकेत १९९७ पासून मधुमेही पायासाठी आहे. पोकळीतला स्राव ओढून घेणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग आपल्याकडेही मिळतं. मला सर्वांत थक्क करतं ते २०२३ मध्ये अमेरिकेतच मंजूर झालेलं जनुक-जेल, म्हणजे पेशींना चांगलं जनुक पुरवणारं जेल. जन्मतःच कातडीचे थर धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन नीट बनत नसल्यानं ज्या मुलांना साध्या स्पर्शानं फोड येतात, त्यांच्या जखमांवर ते थेंबाथेंबानं लावतात. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या जखमा व्रणाशिवाय भरून आणल्या, पण माणसांसाठी तो अजून मंजूर उपचार झालेला नाही. ‘स्टेम सेलनं जखम गायब’ अशी जाहिरात दिसली तर मंजुरी कुणाची आणि कोणत्या आजारासाठी, हे आधी विचारा.

टाके निघाले म्हणजे काम संपलं, हीसुद्धा चूकच. आतलं घाईचं कोलॅजन काढून पक्कं कोलॅजन बसवण्याचं काम वर्षभर चालतं, आणि तरी त्या जागी मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकद येते. पोटाचे टाके निघाल्यावर लगेच पाण्याचा हंडा उचलू नका. केव्हा उचलायचा ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवा.