रेसिडेन्सी मॅच: इंटरव्ह्यू आणि रँक लिस्टबद्दल ज्युनिअर्ससाठी

नीट-पीजीचा निकाल लागला की एक रँक हातात येते आणि पुढचं सगळं काउन्सेलिंग त्या रँकवर चालतं. त्यामुळे अमेरिकेच्या मॅचकडे, म्हणजे तिथल्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) प्रवेशाकडे वळलेले ज्युनिअर पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘ताई, स्टेप टूच्या (तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या दुसऱ्या परीक्षेच्या) एवढ्या स्कोअरवर कुठे लागेल?’ याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, कारण तिथे सामाईक मेरिट लिस्ट नसतेच. प्रत्येक प्रोग्रॅम, म्हणजे प्रशिक्षण देणारं हॉस्पिटल, आपण इंटरव्ह्यू घेतलेल्या उमेदवारांची पसंतीक्रमाने यादी करतो, प्रत्येक उमेदवार प्रोग्रॅमची यादी करतो, आणि एनआरएमपी ही संस्था दोन्हीकडच्या याद्यांवरून जोड्या लावते. मी अशाच मॅचमधून इंटर्नल मेडिसिनला (आपल्याकडचं जनरल मेडिसिन) आले आणि आता आमच्या प्रोग्रॅमसाठी इंटरव्ह्यू घ्यायलाही बसते. दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगते.

अर्ज सप्टेंबरमध्ये इरॅसवर, म्हणजे ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर जातो. जानेवारी २०२२ पासून परवान्याची पहिली परीक्षा, स्टेप वन, नुसती पास-नापास झाल्यामुळे स्कोअरचा सगळा भार स्टेप टू सीकेवर (स्टेप टूच्या लेखी परीक्षेवर) आला आहे. शिवाय सिग्नल असतात, म्हणजे ‘तुमच्या प्रोग्रॅममध्ये मला खरोखर रस आहे’ हे सांगायची मोजकी संधी. इंटर्नल मेडिसिनमध्ये ३ गोल्ड (सर्वात जास्त रस असलेल्यांसाठी) आणि १२ सिल्व्हर, इतर विषयांत संख्या वेगळी. सिग्नल नावाजलेल्या विद्यापीठांवर उधळू नका. भारतातून आलेले, व्हिसावर असलेले रेसिडेंट जिथे आत्ता काम करताना दिसतात, तिथे ते द्या.

इंटरव्ह्यू ऑक्टोबर ते जानेवारी चालतात आणि २०२० पासून बहुतेक ऑनलाइनच होतात. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा प्रोग्रॅम असेल तर मध्यरात्र उलटते. बोलावणं आलं याचा अर्थ तुमचे मार्क त्यांना चालले. त्यानंतर बघतात ते एवढंच, की रात्रपाळीत हा माणूस शेजारी असला तर निभेल का?

इथे आपली मुलं कुठे कमी पडतात ते मी जवळून बघते. ‘एखाद्या कठीण प्रसंगाबद्दल सांगा’ म्हटलं की ‘आय ॲम हार्डवर्किंग’ सुरू होतं. अहो, तुम्ही आरोग्य केंद्रात ड्यूटी केली आहे! एका मुलीने मला सर्पदंशाचा पेशंट सांगितला. शेतातून बाई आणलेली, पापण्या मिटायला लागलेल्या, हाताशी एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) मोजक्याच व्हायल, १०८ यायला वेळ. तिने व्हायल सुरू केल्या, नर्सला श्वास मोजत बसवलं, जिल्हा रुग्णालयाला फोन करून व्हेंटिलेटर मोकळा ठेवायला सांगितलं आणि स्वतः अँब्युलन्समध्ये बॅग धरून बसली. शेवटी म्हणाली, ‘त्यानंतर प्रत्येक ड्यूटीच्या सुरुवातीला मी आधी फ्रीज उघडून व्हायल मोजायचे.’ जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं, पण तिची निर्णयक्षमता, टीमला धरून चालणं आणि प्रसंगातून शिकणं, तिन्ही त्यात आलं. असे चार-पाच प्रसंग आधी मराठीत मनाशी मांडा, मग इंग्रजीत मोठ्याने बोलून बघा. पाठ मात्र करू नका, पाठांतर स्क्रीनवरही लगेच कळतं.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी रेसिडेंट लोकांशी गप्पांचा कार्यक्रम असतो, तो चुकवू नका. रात्री किती पेशंट एका इंटर्नकडे असतात, मागच्या बॅचचे किती जण फेलोशिपला गेले, कोणी मधेच सोडून गेलं का, हे तिथेच विचारायचं. प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवा, कारण जानेवारीपर्यंत सगळे प्रोग्रॅम डोक्यात एक होतात.

आता रँक लिस्ट, म्हणजे तुमची पसंतीक्रमाची यादी. सर्वात जास्त घबराट इथेच असते. ‘मोठं हॉस्पिटल पहिलं टाकलं आणि तिथे नाही झालं, तर दुसऱ्या नंबरवाल्याची सीट तोवर जाईल ना?’ नाही जात. समजा अनघाची यादी आहे क्लीव्हलँड, मग डेट्रॉइट. फैजलने क्लीव्हलँड पहिलं टाकलं आहे, रोहनने डेट्रॉइट. दोन्हीकडे एकेकच जागा. क्लीव्हलँडला फैजल आधी हवा, मग अनघा. डेट्रॉइटला अनघा आधी हवी, मग रोहन. संगणक अनघाला क्लीव्हलँडमध्ये आणि रोहनला डेट्रॉइटमध्ये तात्पुरतं बसवतो. फैजलची पाळी आली की अनघा क्लीव्हलँडमधून उठते आणि डेट्रॉइटकडे जाते. डेट्रॉइटने तिला रोहनच्या वर ठेवलं आहे, म्हणून रोहन उठतो आणि अनघा बसते. रोहनने डेट्रॉइट पहिलं टाकलं होतं आणि तिने दुसरं, याने काडीचाही फरक पडला नाही. सगळ्यांच्या याद्या संपेपर्यंत कुठलीच सीट पक्की नसते.

म्हणून माझं सांगणं एकच: तुम्हाला खरोखर जिथे जावंसं वाटतं, त्याच क्रमाने यादी लावा. ‘त्यांनी मला कितवं ठेवलं असेल’ याचा अंदाज बांधून वरखाली करण्यात फायदा शून्य, नुकसान मात्र होऊ शकतं. पहिली मॅच १९५२ ची. त्याआधी हॉस्पिटलं विद्यार्थ्यांना वर्ष-दोन वर्षं आधीच गाठायची आणि तारेने ऑफर पाठवून लगेच हो-नाही मागायची. आजची पद्धत १९९८ पासूनची, उमेदवाराच्या यादीपासून सुरू होणारी. ती बसवणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना, लॉइड शॅप्ली यांच्यासोबत, २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इतका विचार झालेल्या पद्धतीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

खालच्या नावांनी वरच्यांना धक्का लागत नाही, तेव्हा यादी लांब ठेवा. पण जिथे काही झालं तरी जाणार नाही, ते नाव टाकूच नका, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो. ‘यू आर अ ग्रेट फिट’ अशा मेलवर यादी हलवू नका, त्या शब्दांना काही बंधन नसतं. तुम्ही आम्हाला कितवं ठेवणार हे विचारायला प्रोग्रॅमला नियमाने मनाई आहे. नवरा-बायको दोघं डॉक्टर असाल तर कपल्स मॅचमध्ये याद्या जोडता येतात. आणि यादी भरून झाली की सर्टिफाय करा, म्हणजे ‘हीच माझी यादी’ असं पक्कं करा. नुसतं सेव्ह केलेलं धरत नाहीत, आणि नंतर बदल केला तर पुन्हा सर्टिफाय करावं लागतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी ‘मॅच झालात की नाही’ एवढंच कळतं, कुठे ते शुक्रवारी. अमेरिकेबाहेरून शिकून आलेल्या आणि तिथलं नागरिकत्व नसलेल्यांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण ५८ टक्क्यांची मॅच होते, म्हणजे दहातल्या चौघांची नाही. त्यांच्यासाठी सोमवार ते गुरुवार सोप, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागांची दुसरी फेरी चालते. उरलेल्या जागांपैकी ४५ प्रोग्रॅमना अर्ज करता येतो. सीव्ही, पत्रं, फोन चार्जर, सगळं त्या आठवड्याआधी तयार ठेवा आणि घरच्यांनाही आधीच कल्पना द्या. सोमवारी संध्याकाळी रडायला वेळ मिळत नाही, अर्ज करायचे असतात.

व्हिसाचं बोलणं मात्र रँक लिस्टच्या आधीच उरकायचं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) हवा असेल तर परवान्याची तिसरी परीक्षा, स्टेप थ्री, पास लागते, आणि बरेच प्रोग्रॅम तो देतच नाहीत. जे-१ वर (प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर) ट्रेनिंगनंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट असते, आणि हा व्हिसा मिळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (या ट्रेनिंगची देशाला गरज असल्याचं पत्र) लागतं. कोणता व्हिसा देता, हे इंटरव्ह्यू झाल्यावर प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला सरळ मेल करून विचारा. उत्तर लेखी असू द्या.