ट्रिमला हात लावण्याआधी

रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं पातं तुटलं म्हणून जीव खालीवर करू नका. पाती तुटायचीच, म्हणून तर डब्यात जादा जोडी दिलेली असते. माणसाला रडवतो तो न दिसणारा बिघाड. सगळं शाबूत दिसतंय, दिवे लागतायत, मोटरी फिरतायत, आणि हेलिकॉप्टर मात्र जमिनीवरून उठलं की स्वतःभोवती गरगरतंय. मी सगळ्यात जास्त वेळ त्यातच घालवला, म्हणून इथेही त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

मी बोलतोय ते एकावर एक दोन चक्र्या (पात्यांच्या फिरत्या जोड्या) असलेल्या, 3 चॅनेलच्या, म्हणजे वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे एवढंच करणाऱ्या खेळण्याबद्दल. वरची चक्री एका दिशेला फिरते, खालची उलट दिशेला, त्यामुळे दोघींचा पीळ एकमेकींना मारतो आणि धड स्थिर राहतं. कामोव्हची मोठी रशियन हेलिकॉप्टरंही याच तत्त्वावर उडतात. डावी-उजवीकडे वळणं होतं ते दोन मोटरींच्या वेगात फरक पाडून. शेपटीवरच्या छोट्या आडव्या पंख्याचा वळण्याशी काही संबंध नाही. तो शेपूट उचलतो किंवा दाबतो, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे किंवा मागे जातं. हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण एका चक्रीच्या हेलिकॉप्टरचे सल्ले इथे लावणारे हौशी सल्लागार भरपूर भेटतात. ‘गरगरतंय? शेपटीची मोटर बदल.’ या सल्ल्यापायी कितीतरी चांगल्या मोटरी उगाच उपटल्या गेल्या असतील.

आता सापळा. गरगरणं दिसलं की हात आपोआप ट्रिमकडे, म्हणजे रिमोटवरच्या बारीक जुळणीच्या बटणाकडे, जातो. ट्रिम थोडं फिरवलं की गरगर कमी होते, आणखी फिरवलं की जवळजवळ थांबते, आणि आपल्याला वाटतं, जमलं! काहीही जमलेलं नसतं. एक चक्री कमजोर पडली आहे, आणि ट्रिम दुसरीला, म्हणजे धडधाकट चक्रीला, तिच्या पातळीवर खाली ओढतंय. गरगर थांबते ती एकूण उचल गमावून. मग वर जायला थ्रॉटल (मोटरींची ताकद कमी-जास्त करणारी रिमोटची काडी) जास्त लागतो, कमजोर मोटर कायम पूर्ण ताकदीवर चालते, तापते आणि आणखी कमजोर होते. बॅटरी पूर्ण भरलेली असेपर्यंत बरं चालतं. थोडी उतरली की ती मोटर वेग गाठू शकत नाही आणि गरगर परत. तुम्ही ट्रिम आणखी फिरवता. शेवटी ट्रिम टोकाला पोचतं आणि हेलिकॉप्टर गुडघ्याच्या वर उठत नाही. हे चक्र आठवडेच्या आठवडे चालू शकतं, आणि त्या काळात आपण समजत असतो की आपल्याला उडवता येत नाही. ट्रिम शेवटच्या केसभर फरकासाठी असतं. मधल्या खुणेपासून चारपाच टिचक्यांपेक्षा जास्त लागतंय असं दिसलं, की रिमोट खाली ठेवा आणि स्क्रू-ड्रायव्हर उचला.

पण त्याही आधी एक फुकटची तपासणी. ट्रिम मध्यावर आणा, थ्रॉटल तळाला, आधी रिमोट चालू करा, मग हेलिकॉप्टर चालू करून सपाट जमिनीवर ठेवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. आतला जायरो (धडाचं फिरणं ओळखणारा सेन्सर) त्या काही सेकंदांत ‘स्थिर म्हणजे काय’ ते ठरवतो. हातात धरून चालू केलंत तर तुमच्या हाताची हालचाल हीच त्याची स्थिरता, आणि मग तो उड्डाणभर चुकीची दुरुस्ती करत राहतो. बरीच गरगर इथेच संपते. ही पायरी ओलांडून कुणीही काहीही उघडू नये, हे मी जरा दमातच सांगतो.

तरी फिरतंय? मग कोणती बाजू कमजोर आहे ते हेलिकॉप्टरच सांगतं. धड ज्या दिशेला गरगरतं, त्याच दिशेला फिरणारी चक्री कमी पडते आहे. कारण साधं आहे: प्रत्येक चक्री धडाला आपल्या उलट दिशेला ढकलते, आणि कमजोर चक्रीचं ढकलणं कमी पडलं की बलवान चक्री धडाला स्वतःच्या उलट, म्हणजे कमजोर चक्रीच्या दिशेला नेते. हे एकदा कागदावर दोन बाण काढून पाहा, जन्मभर विसरणार नाही. वरची चक्री आतल्या भरीव दांडीवर असते, खालची बाहेरच्या पोकळ दांडीवर, त्यामुळे कुठला गिअर आणि कुठली मोटर बघायची तेही लगेच कळतं.

आणि कमजोर चक्री म्हणजे मोटर जळाली असंच नव्हे. बंद अवस्थेत दोन्ही चक्र्या बोटाने हळूच फिरवा. एक सहज फिरते आणि दुसरी अडखळते, तर गिअरपाशी भिंग लावून बघा. बहुतेक वेळा केस असतो. केस, दोरा, गालिच्याचा तंतू. गिअर आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत असा गच्च गुंडाळलेला असतो की तो तिथलाच भाग वाटतो. बारीक चिमट्याने आणि संयमाने काढा, कापताना दांडीला ओरखडा पडू देऊ नका. (पडलं तर लागू नये म्हणून गालिच्यावर सराव करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. साधी फरशी बरी.) केस नसेल तर मोटरच्या टोकावरचा छोटा गिअर घसरलाय का, मोठ्या गिअरचा एखादा दाता गेलाय का, हे पाहा. सगळं ठीक असेल तरच मोटरवर संशय घ्या. उड्डाणानंतर दोन्ही मोटरींना बोट लावलं की जास्त तापलेली कळते. या ब्रशवाल्या मोटरी अल्पायुषीच असतात, त्यात तुमचा दोष नाही. बदलताना जुन्या मोटरीच्या वायरींचे रंग आणि जागा फोटो काढून ठेवा, दोन्ही मोटरी सारख्या दिसल्या तरी.

बाकीचे बिघाड तुलनेने सरळ. उठल्या उठल्या एका बाजूला कलंडतंय, तर वरच्या बॅलन्स बारपासून (चक्रीवरच्या तोल सांभाळणाऱ्या दांडीपासून) पात्यांकडे जाणाऱ्या इवल्या काड्यांपैकी एखादी निसटली असेल; दाबली की बसते. थरथरतंय, तर पात्यांचे स्क्रू फार आवळलेले असू शकतात. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनाने झुकलं पाहिजे. वरची आणि खालची पाती एकमेकांच्या जागी लावली तर चक्री हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर फेकते, तेव्हा जुनी पाती काढायच्या आधी त्यांवर खूण करा. आतली दांडी वाकली असेल तर काचेवर लोळवून बघा. डगमगली तर नवीन घाला. सरळ करत बसू नका, ती कधीच पुरती सरळ होत नाही. पुढे-मागे जात नसेल तर शेपटीत शिरणाऱ्या वायरी तपासा, तिथेच तुटतात. जोडताना उलट लागल्या तर पुढेचं मागे होतं, इतकंच. आणि सुपरग्लू लांब ठेवा. तो फटीतून आपोआप आत ओढला जातो आणि बेअरिंग कायमचं बसवून टाकतो. सुपरग्लूने सगळं दुरुस्त करणारा गुरू भेटला तर चहा पाजा आणि हेलिकॉप्टर लपवा.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. एका सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी 3.7 व्होल्टची म्हणतात, पूर्ण भरली की 4.2 असते, आणि 3 च्या खाली गेली तर बिघडते. वर चढायची ताकद कमी वाटली की उतरवा, शेवटचा थेंब पिळू नका. फुगलेली बॅटरी भोसकू नका, चार्जही करू नका, ई-कचऱ्यात द्या. चार्जिंग चालू असताना खोली सोडू नका.

आता उडवणं. जमिनीलगत चक्र्यांचाच वारा खालून उसळून येतो, त्यामुळे वीतभर उंचीवर हेलिकॉप्टर सगळ्यात जास्त सैरभैर असतं. नवशिके भीतीने नेमके तिथेच रेंगाळतात. थ्रॉटल सावकाश पण ठामपणे देऊन कमरेइतक्या उंचीवर न्या, तिथे ते शांत होतं. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, रिमोट इन्फ्रारेडचा असेल तर थेट ऊनही नको. सुरुवातीला शेपूट कायम तुमच्याकडे ठेवा आणि फक्त उंची धरायला शिका, वळणं नंतर. नाक तुमच्याकडे आलं की डावं-उजवं उलटं वाटतं, आणि ते सगळ्यांचंच होतं. मोठ्या हेलिकॉप्टरसाठी सिम्युलेटर उपयोगी आहे, या खेळण्यासाठी मला तो वेळकाढूपणा वाटतो. शिकवताना हातातून रिमोट हिसकावून घेणारा माणूस त्याहून वाईट. बोटांना चुकायला मिळालं नाही तर ती शिकणार कशी?

एक सवय मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या. कुठेही आपटणार असं दिसलं की थ्रॉटल शून्य. वाचवायला जाऊ नका. पाती अडकलेली असताना मोटरला वीज मिळत राहिली तर मोटर आणि सर्किट दोन्ही जळू शकतात, आणि सर्किट गेलं तर दुरुस्तीला फारसं काही उरत नाही. बॅटरी संपल्यावर दुसरी तयार असली तरी लगेच लावू नका. मोटरी बोटाला गार लागेपर्यंत थांबा, तेवढ्यात गिअरमध्ये केस अडकलाय का बघून होतं.