घर बघायला रविवारी जाऊ नका

नोकरी बीकेसीत (मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल) लागली की भाडं परवडेल असं घर शोधत माणूस ठाणे, डोंबिवली, कल्याण करत करत बदलापूरला पोचतो. मीपण तशीच पोचले, आणि घर बघायला रविवारी गेले. तीच चूक झाली, म्हणून आता दुसरं घर शोधताना हे लिहून ठेवतेय.

भाडं, डिपॉझिट, महिन्याची दलाली सगळेच विचारतात. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का, पाणी किती वेळ येतं, टँकरचे पैसे कोण भरतं हे मात्र एजंटला नको, त्याच बिल्डिंगमधल्या भाडेकरूला विचारा.

आता मुख्य गोष्ट, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस. लोकलला किती वेळ लागतो ते अ‍ॅपवर दिसतं, या दोन टप्प्यांना किती लागतो ते दिसत नाही. जाहिरातीत 'स्टेशनपासून 10 मिनिटं' होतं आणि रविवारी दुपारी खरंच 10च लागली, पण सोमवारी सकाळी शेअर रिक्षाच्या लाइनीत उभी राहिले तर अर्धा तास गेला, आणि तिकडे कुर्ल्याला उतरून बीकेसीच्या रिक्षासाठी परत लाइन. खर्चात मी फक्त सेकंड क्लासचा पास धरला होता, तो स्वस्तच असतो. रिक्षाचे दोन्हीकडचे मिळून जाऊन-येऊन 100 रुपये, 25 दिवसांचे 2500, हे धरलंच नव्हतं! रात्री उशीर झाला की शेअरला माणसं जमत नाहीत, मग एकटीने अख्खी रिक्षा करा, रिक्षावाला सांगेल ते द्या.

कल्याणपर्यंत फास्ट आलेली लोकलसुद्धा पुढे प्रत्येक स्टेशनला थांबते, आणि कल्याणला कसारा आणि कर्जत अशा लाइनी फुटतात, त्यामुळे एक गेली की पुढची लगेच नसते. म्हणजे रिक्षाला 5 मिनिटं उशीर झाला की लोकल चुकते आणि ऑफिसला अर्धा तास लेट. म्हणून परत सांगते, टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी त्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत घड्याळ लावून जा आणि संध्याकाळी तसेच परत या, रजा टाकावी लागली तरी टाका. रविवारी नाही. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद) असतो, गर्दी वेगळी, रिक्षा रिकाम्या, काहीच कळत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये पाणी येतं का ते वॉचमनला विचारा. 2019च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, म्हणून घरापासून उल्हास नदी किती लांब आहे ते नकाशात बघा.

अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, कायद्याने सक्तीचं आहे. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा ते सही करायच्या आधी वाचा, माझा 6 महिन्यांचा होता म्हणून निघता आलं नाही. पोलिस व्हेरिफिकेशन, गॅस, वायफाय, सोसायटीचे शिफ्टिंग चार्जेस, हे नंतर होतं. रात्री दहाला स्टेशनबाहेर रिक्षा मिळते का ते मात्र आधीच, स्वतः उभं राहून बघा.