केळीच्या सोपटापासून हातकागद करताना

घड उतरवल्यानंतर केळीचे खोड बहुधा बांधावर टाकून दिले जाते. जळगाव, रावेर, यावल या पट्ट्यात तर त्याचे ढीगच दिसतात. या खोडाच्या सोपटांतील, म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या थरांतील, धागा लांब आणि चिवट असतो, त्यामुळे एकही झाड न तोडता त्यापासून उत्तम हातकागद होतो.

आतला मऊ गाभा वगळून सोपटे सुकवावीत, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि एक किलो सुक्या तुकड्यांना सुमारे २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, ते पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात, दोन-तीन तास उकळावेत. भांडे स्टीलचेच घ्यावे, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. तुकडा चिमटीत ओढताच सहज उकलला, की शिजणे पुरे झाले. मग हाताला लागणारा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवावे. ही पायरी उरकून टाकल्यास कागद पुढे पिवळा पडून ठिसूळ होतो.

मिक्सरपेक्षा लाकडी मोगरीने कुटणे मला अधिक योग्य वाटते, कारण पाती धागा तोडतात, तर कुटण्याने तो पिंजला जातो. चिमूटभर लगदा बरणीभर पाण्यात हलवून पाहावा: गुठळ्या न राहता धागे ढगासारखे पसरले, तरच लगदा पाण्यात कालवून त्यातून जाळीच्या चौकटीवर कागदाचा ताव उचलावा. ओला ताव सुती कापडावर उलटून, दाबून, सावलीत वाळवावा. शाई फुटू नये म्हणून वाळलेल्या तावावर तांदळाची पातळ खळ फिरवावी. उरलेले सोड्याचे पाणी विहिरीजवळ किंवा पिकात ओतू नये.